पाटी पत्र्याची आहे, पण कायद्यात बसते का?

तालुक्याच्या बाजारात, दूध डेअरीवर, कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत गेलं वर्ष-दीड वर्ष एकच प्रश्न ऐकू येतो. "आमच्या गाडीची नंबरप्लेट चांगली पत्र्याची आहे. अक्षरं उठावाची आहेत. मग सरकार पुन्हा नवी पाटी कशाला बसवायला सांगतंय?" शेतकरी बंधूंनो, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. पाटी धातूची असणे गुन्हा नाही. उलट कायद्यालाच धातूची पाटी हवी आहे. पण पाटी धातूची आहे एवढ्यावर ती कायदेशीर ठरत नाही. पेंटरने रंगवलेला पत्रा, रेडियमवाल्याने चिकटवलेला पत्रा आणि परिवहन खात्याच्या नोंदीला जोडलेला पत्रा, हे तीन पत्रे लांबून सारखे दिसले तरी कायद्याच्या लेखी त्यांतला शेवटचाच खरा.

या पाटीला सरकारी भाषेत 'उच्च सुरक्षा नोंदणी पाटी' म्हणतात. लोकांच्या तोंडी 'एचएसआरपी' बसले आहे. ती एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते. वरती प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे मागच्या गाडीचा उजेड पडला की आकडे रात्रीही वाचता येतात. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा चकाकणारा छाप, त्याखाली निळ्या रंगात 'आयएनडी' ही इंग्रजी अक्षरे, आणि खालच्या कोपऱ्यात लेसरने कोरलेला किमान दहा अंकी-अक्षरी क्रमांक असतो. खरी गोम त्या कोरलेल्या क्रमांकात आहे. तुमच्या गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि पाटीवरचा हा क्रमांक, हे सगळे 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत एकमेकांना बांधलेले असतात. पाटी साध्या स्क्रूने बसवत नाहीत. ती एकदाच लागणाऱ्या 'स्नॅप लॉक'ने बसते. काढायची म्हटली तर लॉक तोडावे लागते आणि तुटलेले लॉक पुन्हा लागत नाही.

आता बाजारातली दुसरी पाटी पाहा. रेडियमच्या दुकानात तीच जाडी, तसाच उठाव, डाव्या कोपऱ्यात चक्राचे चकचकीत स्टिकर आणि 'आयएनडी' अशी हुबेहूब पाटी करून मिळते. हवालदार लांबून फसेलही. पण तिच्यावर कोरलेला क्रमांक एकतर नसतो किंवा असला तर तो संगणकात सापडत नाही. तपासणीत एवढे पुरेसे आहे. स्वस्तात मिळते म्हणून ही पाटी बसवली तर ते पैसे वाया गेले असे समजा.

नियम कालचा नाही

पुष्कळांना वाटते की हे काहीतरी नवीनच निघाले. तसे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या ५० व्या नियमात २००१ साली दुरुस्ती होऊन ही पाटी आली. गाड्यांच्या चोऱ्या आणि खोट्या नंबरच्या गाड्या वापरून होणारे गुन्हे हे त्यामागचे मुख्य कारण. पुढे पाटीचे कंत्राट कोणाला द्यायचे यावरून कंपन्या न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये योजना वैध ठरवली. तरीही बरीच राज्ये ढिम्मच राहिली आणि २०११-१२ मध्ये न्यायालयाने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. म्हणजे कागदावर कायदा होऊन दोन तपे उलटली आणि महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांपर्यंत तो पोहोचायला २०२४ चे अखेरचे दिवस उजाडले. एवढ्या उशिराचे खापर गाडीमालकावर फोडणे बरे नव्हे.

१ एप्रिल २०१९ पासून नोंदवलेल्या नव्या गाड्यांना विक्रेत्याकडूनच ही पाटी लागून येते. त्यामुळे तुमची मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा पिकअप त्यानंतरची असेल आणि मूळची पाटी शाबूत असेल, तर तुम्हाला काही करायचे नाही. प्रश्न आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा, आणि खेड्यात जुन्या गाड्याच जास्त. राज्याने या जुन्या गाड्यांना पाटी बसवण्यासाठी पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची दिली. ती ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी पुढे पुढे गेली आणि त्यानंतरही वाढली. या मुदतवाढींचा गावात एकच अर्थ लावला गेला : "अजून वाढेल, बघू." मुदत वाढली म्हणजे नियम रद्द झाला, असा त्याचा अर्थ नाही. मुदतीपर्यंत दंडाची कारवाई थांबलेली असते, एवढेच.

खर्च किती, आणि तो रास्त का?

महाराष्ट्रात ठरवून दिलेले दर असे : दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० रुपये, मोटार, जीप, पिकअप, ट्रक वगैरेंना ७४५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातातून जाणारी रक्कम दुचाकी-ट्रॅक्टरला ५३१ रुपये, तीनचाकीला ५९० रुपये आणि मोटार-पिकअपला ८७९ रुपये १० पैसे. दोन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर आणि एक पिकअप असलेल्या घराला हे साधारण अडीच हजारांना पडते. बी-बियाण्याच्या दिवसांत ही रक्कम लहान नाही.

दुसऱ्या राज्यांत हेच काम कमी पैशांत होते, असा आक्षेप विरोधी पक्षांनी घेतला. इतर राज्यांच्या दरात बसवण्याचा आणि इतर साहित्याचा खर्च धरलेला नसतो, आपला दर सगळे मिळून आहे, असा खुलासा सरकारकडून झाला. दोन्ही बाजू बाजूला ठेवल्या तरी आमच्या मते खेड्यातल्या माणसाची खरी तक्रार दराची नाहीच. तक्रार आहे खाड्याची. पाटी बसवण्याची केंद्रे तालुक्याला किंवा त्याहून लांब. ऑनलाइन वेळ घ्यायची, ठरल्या दिवशी गाडी घेऊन जायचे, पाटी आली नसेल तर हात हलवत परत यायचे. मोटारसायकलचे एक वेळ ठीक आहे. पण पंचवीस-तीस किलोमीटर ट्रॅक्टर रिकामा पळवायचा म्हणजे डिझेल आणि एका दिवसाचे भाडे, दोन्ही पाण्यात. पाटी ५३१ ची आणि ती बसवायला जाण्याचा खर्च तिच्याहून जास्त, असा हा प्रकार. राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना हे काम दिले आहे. त्या कंपन्यांना आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावी केंद्र लावायला सांगणे परिवहन खात्याला अवघड नाही. सरपंचांनी आणि बाजार समित्यांनी ही मागणी लेखी करावी.

दंडापेक्षा मोठी अडचण

दंडाचे बोलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. आता तो ई-चलानाने मोबाइलवर येतो, वाटेत कोणी अडवलेच पाहिजे असे नाही. पण दंड भरून माणूस मोकळा होतो. खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिचा विचार आधी करा.

ही पाटी नसलेल्या जुन्या गाडीची आरटीओतली कामे थांबवण्याचे आदेश परिवहन खात्याने दिले आहेत. मालकीबदल, पत्ताबदल, कर्जाचा बोजा चढवणे किंवा उतरवणे ही ती कामे. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातले शेवटचे सगळ्यात नाजूक. ट्रॅक्टरचे हप्ते फिटले, बँकेने ना-हरकत दिली, तरी नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा राहतो. तो उतरवायला आरटीओत जावे लागते. तिथे पाटी नाही म्हणून अर्ज अडला, तर फिटलेल्या कर्जाचा ट्रॅक्टर कागदोपत्री बँकेकडेच गहाण राहतो. तो विकता येत नाही आणि त्यावर नवे कर्जही निघत नाही. सातबाऱ्यावरचा फिटलेला बोजा उतरवायला किती हेलपाटे पडतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात आणखी एका बोजाची भर घालू नका.

आणि मालकीबदल! खेड्यात जुनी मोटारसायकल कशी विकली जाते? बाजारात सौदा, हातात पैसे, पुस्तक आणि किल्ली दिली की झाले. तीन-तीन, चार-चार हात बदलतात आणि पुस्तकावर पहिल्याच मालकाचे नाव राहते. कायदा म्हणतो, विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवले पाहिजे. ते होत नाही. आता पाटीच्या निमित्ताने सगळे उघडे पडते आहे. पाटी मागवताना गाडीचा नंबर, चेसिस व इंजिन नंबरचे शेवटचे आकडे आणि मोबाइल नंबर लागतो. पुस्तकावरचा मालक भलताच, त्याचा ठावठिकाणा नाही, चेसिसचे आकडे गंजून गेलेले, अशी प्रकरणे कमी नाहीत. पाटी तुमच्या नावावर येवो न येवो, अपघात झाला तर नोटीस मात्र पुस्तकावरच्या माणसाच्या दारात जाते. तेव्हा विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर आहे का, हे आजच तपासा. पाटीपेक्षा हे काम जास्त निकडीचे आहे.

मराठी आकडे चालतात का?

हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा त्याचेही उत्तर देऊन टाकू. चालत नाहीत. नोंदणीची अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच असावेत असे नियमात स्पष्ट आहे. मराठीचा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण ही पाटी पंजाबातल्या नाक्यावर आणि तमिळनाडूतल्या चौकीवरही वाचता आली पाहिजे. २१४ ला वळण देऊन 'राम' करणे, ८०५५ चे 'बॉस' करणे, हे सगळे नियमबाह्य आहे. पाटीवर चित्र, नाव, वेलबुट्टी काहीच चालत नाही. मोटार, पिकअप, ट्रॅक्टर यांच्यासाठी अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांतले अंतर १० मिलिमीटर असे माप ठरलेले आहे. दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षरे ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंचीचे. यात कलेला जागाच ठेवलेली नाही.

इथे गावच्या कारभाऱ्यांना थोडे टोचेल, पण बोलायला हवे. नंबराच्या वर लाल अक्षरांत 'सरपंच', 'चेअरमन', 'पोलीस पाटील' लिहिलेल्या पाट्या आपल्याकडे सर्रास दिसतात. पद मोठे असेल, पण नंबरपाटी ही त्याची जागा नव्हे. ट्रॉलीच्या फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहायला कोणी अडवलेले नाही. पाटी तेवढी मोकळी ठेवा. गावातल्या पोरांना नियम सांगायचे तर आधी आपली पाटी साफ हवी, नाहीतर लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी गत होते.

पाटीच्या रंगाचेही सांगून ठेवतो. शेतीचा ट्रॅक्टर नियमांनुसार बिगर-वाहतूक वाहन आहे, म्हणून त्याला पांढऱ्यावर काळी अक्षरे. भाड्याने माल वाहणाऱ्या पिकअपला पिवळ्यावर काळी. विजेवर चालणाऱ्या गाडीला हिरवी. शेतीच्या नावाने पांढरी पाटी लावून वाळू आणि विटा ओढायच्या, हा उद्योग पकडला गेला तर पाटीचा दंड किरकोळ ठरेल. तिथे विम्याचाच प्रश्न उभा राहतो.

बिननंबरी ट्रॉली

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. ट्रॅक्टरला पाटी असते, पण मागच्या ट्रॉलीचे काय? मोटार वाहनाच्या कायद्यातल्या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि तिचा स्वतंत्र नंबर हवा. प्रत्यक्षात गावच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या ट्रॉल्या नंबराशिवाय, मागच्या दिव्याशिवाय वर्षानुवर्षे रस्त्यावर आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने निघतात. उसाची वाढी मागे लोंबत असते. पाटी असली तरी त्या वाढ्याखाली झाकलेली. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढे काय आहे ते दिसते तेव्हा वेळ गेलेली असते.

अशा धडकेत माणूस गेला आणि ट्रॉली पुढे निघून गेली, तर काय होते ते नीट समजून घ्या. धडक देणाऱ्या वाहनाचा नंबर माहीत असेल तर मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते. तिथे मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे धरून भरपाई ठरते, आणि वाहनाचा विमा असेल तर ती विमा कंपनी देते. कमावता तरुण गेला असेल तर ही रक्कम कित्येक लाखांत जाऊ शकते. पण नंबरच माहीत नसेल तर? मग उरते ती 'हिट अँड रन'ची योजना. १ एप्रिल २०२२ पासून तीत मृत्यूला २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. त्याआधी तर ही रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. म्हणजे मागच्या पाटीचा एक पत्रा नव्हता म्हणून एखाद्या घराच्या पदरात काही लाखांऐवजी दोनच लाख पडतात. आणि मरणारा पुष्कळदा आपल्याच शिवारातला असतो, हे विसरू नका.

उलट बाजूही आहे. ट्रॉली नोंदलेली नाही, तिचा विमा नाही, आणि नंबर ट्रॅक्टरवरून सापडला, तर विमा कंपनी नोंदणी नसलेल्या ट्रॉलीकडे बोट दाखवून अंग काढून घेऊ पाहते. तेव्हा भरपाईचा हुकूम मालकावर येण्याची भीती असते. पाटीचे पाचशे वाचवायला जावे आणि जमिनीवर जप्ती यावी, असे होऊ शकते. ट्रॅक्टरचा विमा काढताना ट्रॉलीचा उल्लेख पॉलिसीत आहे का ते वाचून घ्या. एजंट सांगतो त्यावर राहू नका. नोंदणी होईपर्यंत निदान मागे लाल परावर्तक पट्टी लावा आणि ऊस बांधताना वाढी पाटीवर येणार नाही एवढे पाहा. त्याला आरटीओची परवानगी लागत नाही.

पोलीस पाटील आणि तलाठी मंडळींसाठी एक गोष्ट. 'हिट अँड रन' योजनेत चौकशीचे काम उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे असते. गावात असा अपघात झाला तर वारसांना या योजनेची माहितीच नसते. अर्ज तहसीलमध्ये करायचा आहे, हे त्या घराला सांगणारे तुम्हीच.

मागवताना काय पाहाल

पाटी मागवायची ती परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. त्याच नावाशी मिळतीजुळती खोटी संकेतस्थळे काढून लोकांचे पैसे लुबाडण्याचे प्रकार झाले आहेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नका. स्वतःला जमत नसेल तर गावच्या सेवा केंद्रात जा, पण पावती तुमच्या गाडीच्या नंबराची आहे ना ते तिथेच पाहा आणि तिची एक प्रत गाडीत ठेवा. बसवणाऱ्याने वर शंभर-दोनशे मागितले तर देऊ नका. दरात बसवणे आलेच. पुढची आणि मागची अशा दोन पाट्या मिळायला हव्यात, आणि मोटारीला काचेवर लावायचे स्टिकरही. पाटी चोरीला गेली तर आधी पोलिसात तक्रार द्या आणि मगच नवी मागवा. तुमची पाटी दुसऱ्याच्या गाडीवर फिरली तर ती तक्रारच तुमच्या कामी येईल.

गोठ्याच्या कडेला उभी राहून गंजलेली जुनी राजदूत किंवा टेम्पो असेल, तर तिला नवी पाटी घालण्यात अर्थ नाही. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी असे कायद्याच्या ५५ व्या कलमात आहे. पुस्तक जिवंत आणि गाडी भंगारात, ही अवस्था धोक्याची. भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर दुसऱ्याच गाडीवर चढवून वापरला जाऊ शकतो.

राहता राहिल्या ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या गाड्या. घंटागाडी, पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर, कुठे रुग्णवाहिका. त्यांनाही हाच नियम लागू आहे. यांतली कितीतरी वाहने २०१९ च्या आधीची आहेत आणि त्यांची नोंदणी पुस्तके कोणाच्या कपाटात आहेत हे पटकन सांगता येत नाही. पुढच्या मासिक सभेत विषय घ्या, खर्चाला मंजुरी द्या आणि टँकरच्या ट्रॉलीची नोंदणी झाली आहे का तेही त्याच सभेत विचारा.